कोच गेला, जीएम राहिला

पत्र

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरावीत आहे, इथेच जन्मला आणि कळायला लागल्यापासून न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा भक्त आहे. 2022 मध्ये मी ओळखीतल्या एकाकडून दोन सीट्सचं पीएसएल (सीझन तिकीट घेण्याचा हक्क) घेतलं. तेव्हापासून घरच्या मॅचेसना आम्ही दोघं मेटलाइफ स्टेडियमला जातो. 10 नोव्हेंबर 2025 ला टीमने हेड कोच ब्रायन डेबॉलला काढलं आणि खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजर (जीएम) जो शेनला ठेवलं. मुलगा भडकला. मी म्हणालो, शेनने नेबर्स, कार्टर, डार्ट असे तरुण खेळाडू आणले, त्याला वेळ द्यायला हवा. त्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याची बाजू घेता कारण तुम्ही स्वतः मॅनेजर आहात. तुमच्याकडेपण खालच्या माणसाला काढतात आणि मॅनेजर तिथेच राहतो." मला ते फार लागलं. तेव्हापासून जेवताना दोघंही गप्प. पुढच्या वर्षी तिकिटं रिन्यू करायची नाहीत, असं त्याने जाहीर केलंय. शेनची नोकरी राहावी का? आणि तिकिटांचं काय करू?
— निळा बाबा, एडिसन

उत्तर

निळे बाबा,

आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही मधला मजकूर गाळून थेट शेवटाकडे जाल. माझ्या मते सीझन संपताच शेनला निरोप द्यावा. निदान पुढचा कोच त्याच्या हाताने निवडला जाऊ नये. म्हणजे वादात चिरंजीव जिंकले. पण ते भलत्याच कारणासाठी जिंकले आहेत, आणि तुमचे मुद्दे बरेचसे खरे असून तुम्ही हरला आहात. बापलेकांच्या वादात हे नेहमीचंच.

मुलाचा राग 20-40-1 या आकड्यावर असणार. 2022 पासून डेबॉल जाईपर्यंत 20 विजय, 40 पराभव, 1 बरोबरी. हा आकडा डेबॉलच्या नावावर आहे तसाच शेनच्याही. दोघं 2022 च्या जानेवारीत पाठोपाठ आले. एकच प्रगतिपुस्तक, त्यावर एक नापास आणि दुसरा वरच्या वर्गात, हे त्याला खुपलं तर त्यात नवल नाही. पण दोघांचं काम वेगळं असतं. डेन्व्हरला तीन क्वार्टर संपेपर्यंत 19-0 ने पुढे असलेली टीम शेवटच्या पंधरा मिनिटांत 33 पॉइंट देऊन 33-32 ने हरते, शिकागोत चौथ्या क्वार्टरमध्ये दहा पॉइंटांची आघाडी घालवते, तेव्हा प्रश्न आधी कोचला विचारायचा. जीएमला विचारायचं ते हे: मैदानावर ही माणसं का होती, दुसरी का नव्हती, आणि त्यांच्यावर किती पैसा लागला.

तर पैशापासून सुरू करू, कारण शेनचं घोडं तिथेच पेंड खातं.

शेन आला तेव्हा क्वार्टरबॅक (पास फेकून खेळ चालवणारा) डॅनियल जोन्स टीममध्ये होताच. आधीचे जीएम डेव्ह गेटलमन यांनी 2019 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) सहाव्या क्रमांकावर घेतलेला. त्याच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय होता (टीमला हवं तर आणखी एक वर्ष ठेवायचा), किंमत साधारण सव्वादोन कोटी डॉलर. 2022 च्या उन्हाळ्याआधी शेनने तो नाकारला. आधी खेळून दाखव, मग बोलू. तेव्हा ते सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं, मलाही. मग 2022 चा सीझन चांगला गेला, 9-7-1. प्लेऑफमध्ये मिनेसोटाला जाऊन वायकिंग्जना 31-24 ने हरवलं, जोन्सने त्या दिवशी 301 यार्ड फेकले आणि 78 यार्ड धावला. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियाने 38-7 असं धुतलं, पण ते लोक सोयीने विसरले. डेबॉल वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. आणि मार्च 2023 मध्ये शेनने जोन्सला चार वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार दिला. वर्षाला सरासरी 4 कोटी, आणि अख्ख्या टीमची पगारमर्यादा त्या वर्षी 22 कोटी 48 लाख.

बाबा, हा करार आज वाईट दिसतो म्हणून मी त्याला वाईट म्हणत नाही. निकाल माहीत झाल्यावर निर्णयाला नावं ठेवायला अक्कल लागत नाही, आणि तुमचा मुलगा नेमकं तेच करतो. पण तेव्हा काय माहीत होतं ते पाहा. त्या अख्ख्या सीझनमध्ये जोन्सचे टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) होते 15. हा आकडा 4 कोटीवाल्याचा नव्हता. तेव्हाही दिसत होतं की टीम रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सेक्वॉन बार्कलीच्या पायांवर चालली आहे, आणि जोन्सला खुलं मैदान मिळतं ते बचावफळीचं लक्ष बार्कलीकडे असतं म्हणून. शेनने त्या दोघांतून जोन्स निवडला. बार्कलीला फ्रँचायझी टॅग लावून (म्हणजे सहज दुसरीकडे जाऊ न देता) एक वर्ष थांबवलं, 2024 च्या मार्चमध्ये मोकळं सोडलं, आणि तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तीन वर्षं, पावणेचार कोटी डॉलर. तीन वर्षांची किंमत, जोन्सच्या एका वर्षाहून कमी!

पुढचं तुमच्या घरात तोंडपाठ असेल. बार्कली त्या सीझनमध्ये 2,005 यार्ड धावला आणि 9 फेब्रुवारी 2025 ला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सकडून सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकला. इकडे जायंट्स 3-14. 2024 च्या सुरुवातीला एचबीओ या टीव्ही वाहिनीचे कॅमेरे जायंट्सच्या ऑफिसात होते. सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं अवघड जाईल, असं मालक जॉन मॅरा शेनला सांगताना सगळ्या देशाने पाहिलं. आपली बोलणी कॅमेऱ्यासमोर करायची हौस कोणाला होती देव जाणे. हात दाखवून अवलक्षण.

बार्कलीला जाऊ देण्यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. मी त्यावर शेनला निम्मी सूट देते. रनिंग बॅकला दुसरा मोठा करार देऊ नये, हे तेव्हा लीगभर जवळपास मान्य मत होतं, आणि जायंट्सची पुढे उभी राहून वाट मोकळी करणारी ओळ इतकी कच्ची होती की तिच्यामागे बार्कली 2,000 यार्ड धावलाच असता असं कोणी छातीठोक सांगू नये. पण ओळ कच्ची का होती? 2022 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर शेनने इव्हान नील घेतला, त्या ओळीतली उजव्या टॅकलची जागा दहा वर्षं बघायची म्हणून. नीलचा पाचव्या वर्षाचा पर्याय शेनलाच नाकारावा लागला. आणि जोन्सकडे बघा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्याला इथून सोडलं, तो 2025 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सकडून खेळला. डेबॉल गेला त्या दिवशी कोल्ट्स 8-2 होते आणि जायंट्स 2-8. यातून दोनच अर्थ निघतात. एक तर जोन्स एवढ्या पैशाचा नव्हता आणि शेनने तो दिला. नाहीतर जोन्स बरा होता आणि शेनला त्याच्याभोवती टीम उभी करता आली नाही. कुठलाही घ्या, बिल त्याच टेबलावर येतं.

झेव्हियर मॅकिनीचं नाव मी मुद्दाम काढते, कारण बार्कलीच्या गोंगाटात तो राहून जातो. सेफ्टी, म्हणजे बचावातला मागचा खेळाडू, जायंट्सनेच घडवलेला. त्यालाही 2024 मध्ये जाऊ दिलं. ग्रीन बेला जाऊन पहिल्याच वर्षी त्याने 8 इंटरसेप्शन घेतली (समोरच्याचे पास मध्येच पकडले) आणि ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात बसला.

आता एक लहानशी गोष्ट. मला ती बार्कलीपेक्षाही जास्त बोलकी वाटते. सप्टेंबर 2024, वॉशिंग्टनला मॅच. किकर (लाथेने चेंडू मारून पॉइंट मिळवणारा) ग्रॅहम गॅनो त्या आठवड्यात दुखापतीच्या यादीत होता. तरी दुसरा किकर तयार ठेवला नाही. पहिल्याच किकऑफला गॅनो जायबंदी. जायंट्सनी तीन टचडाउन केले, एकाही टचडाउननंतरचा पॉइंट मिळाला नाही, आणि वॉशिंग्टन एकही टचडाउन न करता सात फील्ड गोल (तीन-तीन पॉइंटांच्या किक) मारून 21-18 ने जिंकलं. मॅचच्या दिवशी कोणाला उभं करायचं यात कोचचाही हात असतो, हे कबूल. पण एकदा असं नाक कापलं गेल्यावर पुढच्या वर्षी तरी त्या जागी भरवशाचा माणूस असेल ना? 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गॅनो पुन्हा जखमी होता, आणि डेन्व्हरला शेवटच्या मिनिटात टचडाउननंतरचा तो एक्स्ट्रा पॉइंट हुकला. मॅच गेली एका पॉइंटने. चूक सगळ्यांच्या हातून होते. तीच चूक त्याच जागी पुन्हा झाली, की मी तिला दुर्दैव म्हणायचं सोडून देते.

आता तुमची बाजू. ती मोडीत काढण्यासारखी अजिबात नाही, आणि मुलाने ती नीट ऐकून घ्यायला हवी होती. मलिक नेबर्स पहिल्या वर्षी 109 कॅच घेतो. 2025 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर अब्दुल कार्टर मिळाला. क्वार्टरबॅकसाठी शेन ह्यूस्टनशी सौदा करून पहिल्या फेरीत परत वर चढला आणि पंचविसाव्या क्रमांकावर जॅक्सन डार्ट घेतला, तोही पुढच्या वर्षीची पहिली फेरी न गमावता. चौथ्या फेरीत कॅम स्काटेबो. ऑक्टोबरमध्ये नेबर्स नसतानाही याच पोरांनी ईगल्सना 34-17 ने हरवलं तेव्हा तुम्ही दोघं स्टेडियममध्ये ओरडत असणार. नेबर्सचा गुडघा आणि स्काटेबोचा घोटा गेला, त्यात शेनचा दोष नाही. गेली दोन वर्षं त्याची ड्राफ्टची नजर सुधारली आहे, यात मला शंका नाही.

तुमच्या हातात याहून भारी पुरावा आहे, तो तुम्ही वापरलाच नाही. 1979 मध्ये जायंट्सची मालकी काका-पुतण्यांत अर्धीअर्धी होती, वेलिंग्टन मॅरा आणि टिम मॅरा, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. (काका-पुतण्या म्हटल्यावर आपल्याकडे पुढची गोष्ट सांगावी लागत नाही.) शेवटी लीगचे कमिशनर पीट रोझेल मध्ये पडले आणि जॉर्ज यंग जीएम झाला. बाल्टिमोरला शाळामास्तरकी केलेला माणूस. त्याच्या पहिल्या पाच सीझनचा हिशेब करा: 26-46-1. शेनपेक्षा फार वेगळा नाही! पाचव्या वर्षी त्याने नेमलेला नवा कोच बिल पार्सेल्स 3-12-1 वर आला, आणि त्याला बदलण्याचे विचारही चालले होते. ठेवला. तीन वर्षांनी त्याच दोघांनी जायंट्सना पहिला सुपर बोल दिला, आणि 1990 च्या सीझनला दुसरा. तेव्हा "वेळ द्यावा" हे तुमचं म्हणणं याच टीमच्या इतिहासात एकदा सोन्यासारखं ठरलं आहे.

मग मी शेनला तोच न्याय का लावत नाही? यंगचा पहिला कोच रे पर्किन्स स्वतःहून अलाबामाला गेला, त्याला काढावं लागलं नव्हतं. आणि यंगने 1981 मध्ये लॉरेन्स टेलर घेतला तो ठेवलाही, फिलाडेल्फियाला पाठवला नाही.

खरं तर आजच्या प्रसंगाला 1979 पेक्षा 2019 जवळचं आहे. त्या डिसेंबरात जायंट्सनी कोच पॅट शर्मरला काढलं आणि जीएम गेटलमनला ठेवलं. ओळखीचं वाटतं ना? तेव्हाही बाजू तीच मांडली गेली, तरुण क्वार्टरबॅक आत्ताच आणलाय, मधेच घडी मोडू नका. मग जो जज कोच म्हणून आला. दोन वर्षांत 10-23. 2022 च्या जानेवारीत गेटलमन 19-46 वर निवृत्त झाले, जज गेला, आणि शेनला वारसा काय मिळाला? दुसऱ्याने निवडलेला क्वार्टरबॅक आणि दुसऱ्याने निवडलेला रनिंग बॅक. त्या दोघांचं काय करायचं या कोड्यातच तो बुडाला. आता त्याने पुढचा कोच नेमला आणि 2027 च्या सुरुवातीला त्यालाही जावं लागलं, तर नव्या जीएमच्या वाट्याला शेनचा कोच आणि शेनचा डार्ट येईल. मागच्या पानावरून पुढे चालू.

शिवाय ज्याची खुर्ची डुगडुगते आहे तो माणूस पाच वर्षांचा विचार करत नाही. त्याला पुढच्या डिसेंबरपर्यंत आठ-नऊ मॅचेस जिंकायच्या असतात. त्यासाठी तो तिशी उलटलेल्या खेळाडूंवर पैसे लावतो, पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क विकतो. आणि चांगला कोच मुलाखतीला आला की पहिलं काय विचारेल? "साहेब, वर्षभराने तुम्ही इथे असाल का?" याचं उत्तर शेन प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. म्हणून मी म्हणते की त्याला जाऊ द्यावं. त्याचे सगळे निर्णय वाईट होते असं मुळीच नाही. पण सगळ्यात मोठा निर्णय, क्वार्टरबॅकवर किती पैसे लावायचे, त्याचा चुकला, आणि आता तेवढाच मोठा दुसरा निर्णय त्याच्या हाती देताहेत.

मालकांबद्दल एकच. मॅरांनी 2025 च्या जानेवारीत दोघांनाही ठेवलं आणि वर माझा संयम संपत आला आहे असं सांगितलं. दहा महिन्यांनी संयम निम्माच संपला म्हणायचा. मुलाला संताप करायचाच असेल तर पत्ता हा आहे.

आता तुमच्या घरचं. पत्रात तुम्ही शेनवर दहा ओळी लिहिल्या असत्या तरी मी मुलाच्या त्या एका वाक्यावरच थांबले असते. "तुमच्याकडेपण" असं तो म्हणाला. म्हणजे तुमच्या ऑफिसातलं काहीतरी त्याच्या कानावर पडलं आहे. फोनवरचं बोलणं, स्वयंपाकघरातलं कुजबुजणं. कोणाला तरी काढलं आणि तुम्ही राहिलात, किंवा काढायच्या यादीवर तुम्हाला सही करावी लागली. तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. पण त्याने अर्धवट ऐकून आपल्या बापाचा निकाल लावला आहे, आणि तुम्ही शेनची वकिली करत त्या निकालाविरुद्ध अपील करताय. शेनला तुमच्या वकिलीची गरज नाही हो, त्याचा पगार चालू आहे.

तेव्हा शेन बाजूला ठेवा आणि मुलाला तुमच्या कामातला एक खरा निर्णय सांगा. तुम्ही कोणाला निवडलं, कोणाला जाऊ दिलं, कोणत्या बाबतीत वरच्यांचं ऐकावं लागलं, आणि आज तुम्ही तसंच कराल का. नावं सांगू नका, पण सारवासारवही करू नका. सतरा वर्षांच्या मुलाला ती लगेच कळते. तो उलट प्रश्न विचारेल, दोन-तीन बोचतील. विचारू द्या. माझ्या अनुभवात मुलं बापाला चूक माफ करतात, पण "तुला यातलं काही कळत नाही" हे वाक्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तुम्ही ते बोललात का, तुमचं तुम्ही आठवा.

जाताना गाडीत बोला. टर्नपाइकवर दोघंही समोर बघत असता, त्यामुळे अवघड गोष्टी तिथे बऱ्या निघतात. आईला मध्ये पंच म्हणून बसवू नका, तिला या टीमचं पुरेसं झालं असेल.

तिकिटांचं मात्र रागात काही करू नका. तुमच्याकडे पीएसएल आहे, म्हणजे त्या सीटवरचं तिकीट घेण्याचा हक्क तुम्ही पैसे मोजून विकत घेतलाय. 2010 मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा जायंट्सनी हे हक्क जागेनुसार 1,000 पासून 20,000 डॉलरपर्यंत विकले होते. सीझन तिकिटं रिन्यू केली नाहीत तर तो हक्क जातो आणि घातलेले पैसेही जातात. निषेध म्हणून हे फार महाग पडेल, आणि त्याची मॅरांना झळही लागणार नाही, कारण ती सीट दुसरा कोणीतरी घेईल. नकोच असतील तर हक्क रीतसर दुसऱ्याला विकता येतो. करारातल्या हस्तांतराच्या अटी वाचून घ्या. पण मी विकणार नाही. अकरावीतला मुलगा 2027 च्या ऑगस्टच्या सुमारास कॉलेजला निघून जाईल. त्याच्याबरोबर घरून निघून मेटलाइफला जायचा एकच पूर्ण सीझन उरलाय. 2-8 ची टीम असो नाहीतर 8-2 ची. त्याला निषेधच करायचा असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने जर्सी घेणं बंद करावं. किंवा नेबर्सची घ्यावी आणि शेनला शिव्या द्याव्यात, माझी हरकत नाही.

16 नोव्हेंबरच्या रविवारी दुपारी एकला ग्रीन बे येतंय, म्हणजे मॅकिनी जुन्या मैदानावर परत. शिकागोत डार्टच्या डोक्याला मार बसलाय, तेव्हा पास कोण फेकेल त्यावर लक्ष ठेवा आणि मॅकिनी कुठे उभा राहतो तेही बघा. पार्किंगमध्ये ग्रिल पेटली की मुलाला विचारा, शेनच्या जागी कोण? त्याला नाव सुचलं नाही तर वाद जिंकलो असं समजू नका. मॅरांनाही बहुधा सुचत नाहीये, म्हणून तर शेन अजून तिथे आहे.